मावळ शोधात येत नाही

मराठी विभागांच्या चर्चासत्रांतून गेली काही वर्षे एक वाक्य ठरावासारखे मांडले जाते: डिजिटल माध्यमांमुळे मराठीच्या विद्यार्थ्यांना रोजगाराचे नवे दालन खुले झाले आहे. उपयोजित मराठीच्या वर्गात त्यावर व्याख्यान होते, परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते आणि निरोप समारंभात विभागप्रमुख त्याचाच आधार घेऊन विद्यार्थ्यांना धीर देतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून तर हे वाक्य अधिकच आत्मविश्वासाने उच्चारले जाते. आमचा या वाक्यावर आक्षेप आहे. दालन खुले झाले, हे मान्य. परंतु आत काय चालते हे न सांगता विद्यार्थ्यांना आत ढकलणे शिक्षकाच्या पेशाला शोभत नाही.

आमच्यापैकी काहींनी या दालनात नोकरी केली आहे, काही अद्याप करीत आहेत. ज्या कंपन्यांत केली त्यांची नावे येथे घेण्याचे कारण नाही; कंपनी बदलली तरी कामाची घडण बदलत नाही, हाच आमचा अनुभव आहे. ही घडण अमूर्तपणे सांगितली तर ती कुरकुर वाटेल. म्हणून एक भूभाग समोर ठेवतो: मावळ तालुका. पुणे आणि मुंबई या दोन महानगरांच्या मधोमध असलेला, १८६३ साली बोरघाटातून रेल्वे आल्यापासून आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून दोन्हीकडच्या माणसांनी दिवसरात्र ओलांडलेला हा प्रदेश. वृत्तसंस्थांच्या कार्यालयांपासून दोन तासांच्या आत असलेल्या या तालुक्याचे जर असे होत असेल, तर गडचिरोलीचे वा नंदुरबारचे काय होत असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

प्रथम काम म्हणजे काय ते सांगू. पाळी सुरू होते तेव्हा उपसंपादकाच्या समोर दोन पडदे असतात. एकावर या क्षणी आपल्या कोणत्या बातमीवर किती वाचक आहेत याचे आकडे हलत असतात; दुसऱ्यावर या क्षणी लोक काय शोधत आहेत याची यादी असते. त्या यादीतला शब्द घ्यायचा, त्यावर इंग्रजीत वा हिंदीत कोणी काही लिहिले आहे का ते पाहायचे, त्याचे वीस-पंचवीस मिनिटांत मराठी करायचे, शोधशब्द मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात येईल अशी व्यवस्था करायची, छायाचित्र जोडायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. अशा दहा-बारा बातम्या म्हणजे एक पाळी. अलीकडे भाषांतराचा पहिला खर्डा यंत्रच करून देते. त्यामुळे उपसंपादकाची संख्या कमी झाली आणि बातम्यांचा कोटा वाढला. महिनाअखेरीस प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या बातम्या किती वेळा उघडल्या गेल्या याची बेरीज येते. कोणाला दूरध्वनी केला, काय पडताळून पाहिले, कोणती बातमी खोटी निघाली म्हणून सोडून दिली, याला त्या तक्त्यात रकानाच नसतो. ज्या गुणाला रकाना नाही तो गुण हळूहळू नाहीसा होतो. यासाठी कोणाच्या दुष्टपणाची गरज लागत नाही.

आता या घडणीतून मावळाकडे पाहू. शोधयादीत ‘मावळ’ हा शब्द येत नाही. येतो तो ‘लोणावळा’. जून उजाडला की भुशी धरण, टायगर पॉइंट, लोहगड, भाजे, धबधबे, रिसॉर्ट आणि चिक्की यांची रांग लागते. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा लोहगडही काही दिवस वर आला. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोऱ्यांची नावे मात्र कधीच वर येत नाहीत. ‘मावळ’ शोधला जातो तो प्रामुख्याने लोकसभेच्या निवडणुकीत. पण त्या मावळात पनवेल, उरण आणि कर्जतपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत सारे काही मोडते. २०१९ साली पार्थ पवार तेथून उभे राहिले आणि श्रीरंग बारणे यांच्याकडून पराभूत झाले, तेव्हा ‘मावळ’ हा शब्द कित्येक दिवस पडद्यावर तळपत होता. भाताची खाचरे, कातकरी वस्त्या, द्रुतगती मार्गाने दुभंगलेली शिवारे यांचा त्या मावळाशी संबंध नव्हता.

गंमत अशी, की लोणावळाही पुरता लोणावळा उरत नाही. हिंदीत ‘ळ’ नाही, आणि रोमन अक्षरांतही नाही. म्हणून बातमीच्या पत्त्यात, खुणशब्दांत आणि भाषांतरयंत्राने दिलेल्या खर्ड्यात ‘लोणावला’ आणि ‘मावल’ येतात. थकलेला उपसंपादक ते दहांपैकी आठ वेळा दुरुस्त करतो, दोनदा राहून जाते. त्या दोन वेळा नेमक्या आपल्या प्राध्यापक मित्रांच्या दृष्टीस पडतात, आणि मग ‘माध्यमांनी मराठीची कशी वाट लावली’ यावर एक लेख तयार होतो.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण आमचे भांडण केवळ कंपन्यांशी नाही. साहित्याच्या वर्तुळातून या व्यवसायावर जी टीका होते ती बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाची असते. ती सोपी आहे आणि टीका करणाऱ्याला तिची काहीच किंमत मोजावी लागत नाही. पाळीत बारा बातम्या लिहिणाऱ्या, बावीस-तेवीस वर्षांच्या, आपल्याच विभागातून पदवी घेतलेल्या मुलीच्या वेलांट्या मोजणाऱ्यांनी तिचे वेतनपत्र पाहिले आहे काय? तिचा करार वाचला आहे काय? चुकीची वेलांटी हे लक्षण आहे. रोग दुसरीकडे आहे. आणि रोगाचे खरे चिन्ह ओळखायचे तर शब्दांकडे न पाहता क्रियापदांकडे पाहावे लागेल.

दोन घटना घेऊ. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मध्यावर एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसे देशभराने भ्रमणध्वनीवर पाहिली. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला. चौघांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. या दोन्ही वेळी पडद्यावरचे आकडे उसळले, हे सांगायला नकोच. परंतु भाषा पाहा. पूल ‘कोसळतो’, कुटुंब ‘वाहून जाते’, पर्यटनाला ‘गालबोट लागते’. सारी क्रियापदे अकर्मक. घडवणारा कोणी नाही, घडू देणारा कोणी नाही. कोणत्या खात्याचा पूल, त्याला धोकादायक कोणी ठरवले होते, मग तो खुला कसा राहिला, ही विचारपूस करायला माणूस वडगावला जावा लागतो, कागद मागावा लागतो, दोन दिवस थांबावे लागते. वीस मिनिटांच्या बातमीत कर्ता सापडत नाही, म्हणून वाक्य कर्त्याविना लिहिले जाते. ही व्याकरणाची नव्हे, तर कामाच्या तासांची गोष्ट आहे.

त्याहून गंभीर असे, की दुर्घटनेचा आणि सहलीचा शोधशब्द एकच असतो. ‘लोणावळा’ या शब्दाने वाचक येऊ लागले की त्याच शब्दावर दुसरी, तिसरी, चौथी बातमी रचायची, हा नियम आहे. त्या नियमाला शोक आणि शनिवार-रविवारचा बेत यांतला भेद कळत नाही. वाचक वाहून गेलेल्या माणसांची बातमी वाचून खाली सरकतो, आणि तेथे पावसाळ्यात भेट देण्याजोग्या धबधब्यांची यादी त्याची वाट पाहत असते. त्या यादीने आलेली गर्दीच पुढच्या बातमीचा कच्चा माल असते. धोक्याची बातमी धोक्याआधी लिहिण्यात मात्र कोणाचाच कोटा भरत नाही, कारण तोपर्यंत ते नाव कोणी शोधलेलेच नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी कुंडमळा कोण शोधणार?

यावर व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते: वाचकाला हेच हवे आहे. हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातली लबाडी सांगितलीच पाहिजे. शोधणारा आणि वाचणारा एक नसतो. लोणावळा शोधतो तो मुंबईत वा पुण्यात बसलेला, तेथे जाऊ पाहणारा माणूस. नाणे मावळातल्या शेतकऱ्याला आपले गाव शोधावे लागत नाही. तो तेथेच राहतो. त्याला हवे असते ते वेगळेच: जमिनीच्या मोजणीची नोटीस कशाची आहे, धरणाचे पाणी कोणत्या तारखेला सुटणार, भाताची खरेदी कोणत्या केंद्रावर होणार. ही बातमी दिली तर तो वाचील. पण त्याच्यासारखे वाचक हजार-दीड हजारच असतील. छापील वृत्तपत्राच्या तालुका पानावर हजार-दीड हजार वाचक पुरेसे होते. हलत्या आकड्यांच्या पडद्यावर ते शून्यच. तेव्हा वाचकाला जे हवे ते देतो, या विधानाचा खरा अर्थ, मोजण्याइतके मोठे असलेले वाचक आम्ही निवडतो, एवढाच.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, आणि तो टाळणार नाही. छापील वृत्तपत्रे कुठे सोवळी होती? नव्हतीच. तालुक्याचा वार्ताहर बातमीच्या मानधनावर कधीच जगला नाही. तो जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर जगला. ज्याच्या जाहिरातीवर घर चालते त्याच्याविरुद्ध बातमी लिहिणे त्याला अवघडच होते. हा काळ गेला म्हणून अश्रू ढाळणाऱ्यांत आम्ही नाही. पण एक फरक उरतो. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली ‘सकाळ’ काढला आणि गावोगावच्या बातमीदारांचे जाळे विणले, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: बातमी जेथे घडते तेथे आपला माणूस असला पाहिजे. तो माणूस चुकीचे लिहील, भीतीपोटी कमी लिहील. पण दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला लोक गाठतील आणि जाब विचारतील. नोएडात वा अंधेरीत बसून मावळावर लिहिणाऱ्याला कोण गाठणार? त्याने मावळ पाहिलेले नाही, आणि मावळाने त्याला.

बातमीला जागा लागते तशी स्मृतीही लागते. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाचे पाणी बंदिस्त जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी ठार झाले, त्यांत एक स्त्री होती. आज या घटनेची बातमी वर्षातून एकदा, स्मृतिदिनी होते. परंतु ही घटना कळायची असेल तर नव्वद वर्षे मागे जावे लागते. १९२१ साली शेजारच्या मुळशीत, टाटांच्या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासह मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. भुस्कुट्यांनी त्या लढ्यावर पुस्तक लिहून ठेवले. डोंगरातले पाणी आणि जमीन कोणाची, खालच्या शहराची की वरच्या गावाची, हा प्रश्न या खोऱ्यांत शंभर वर्षे जुना आहे. डिजिटल वृत्तकंपनीत मागच्या बातम्यांचा साठा प्रचंड असतो, पण आठवण कोणालाच नसते. कारण दोन वर्षांपेक्षा अधिक टिकलेला माणूस विरळा, आणि टिकला तर तो आकड्यांच्या बैठकीत बसलेला असतो. आठवण नसलेल्या ठिकाणी प्रत्येक घटना अपघात होते.

मथळ्यांबद्दल येथेच सांगतो. प्रश्नार्थक मथळा हा डिजिटल माध्यमांचा शोध आहे असे कोणी समजू नये. मराठी वृत्तपत्रसृष्टीतला सर्वांत प्रसिद्ध मथळा प्रश्नच आहे: १८९७ साली ‘केसरी’ने विचारलेला, सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, हा. तो प्रश्न सत्तेला विचारला होता, आणि टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली तुरुंगात जावे लागले. आजचा प्रश्न वाचकाच्या कुतूहलाला विचारलेला असतो. अभिनेत्रीने लोणावळ्यात बंगला घेतला, किंमत किती असेल? उत्तर सातव्या परिच्छेदात. प्रश्नचिन्ह तेच, ज्याच्याकडे ते रोखले आहे तो बदलला. शैलीविज्ञान शिकवणाऱ्यांनी हा फरक वर्गात मांडावा, अशी आमची विनंती आहे.

हे सारे माध्यमाच्या स्वभावातच आहे, असे कोणी म्हणेल तर तेही आम्हांला मान्य नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कामाची मुळे मुळशी-मावळच्या डोंगराळ पट्ट्यातच होती. पुढे महाराष्ट्रभरातल्या हजारावर गावांतून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या डिजिटल संग्रहाने त्या क्रमाने प्रसिद्ध केल्या: आवाजासह, आणि ओवी गाणारीच्या नावासह, गावासह. माध्यम तेच आहे, वीज तीच आहे, पडदाही तोच. फरक इतकाच, की तेथे माणूस गावात गेला, परत गेला आणि बसून राहिला. त्याचा पगार ओवी किती वेळा उघडली यावर ठरला नाही.

आता पगाराचेच बोलू. साहित्यिक लेखांत तो विषय अशिष्ट मानला जातो. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तपत्रातल्या पत्रकाराला कामाच्या तासांची मर्यादा दिली: चार आठवड्यांत १४४ तास. वेतन मंडळ दिले. मजिठिया मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. डिजिटल कंपनीतला उपसंपादक या साऱ्याच्या बाहेर राहिला. कायद्याच्या दृष्टीने तो पत्रकारच नव्हता, नियुक्तिपत्रात तो ‘कंटेंट रायटर’ किंवा ‘कंटेंट प्रोड्यूसर’ होता. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितेत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत अखेर डिजिटल माध्यमे आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी संहिता लागू झाल्या. पण त्याच फेऱ्यात १९५५चा कायदा आणि त्याबरोबर पत्रकारांचे वेगळे वेतन मंडळ निकालात निघाले. घरात प्रवेश मिळाला तेव्हा ताटे उचलली गेली होती. पदनामातला ‘कंटेंट’ हा शब्द आपल्या भाषाशास्त्राच्या तासाला घेण्याजोगा आहे. कंटेंट म्हणजे डब्यात भरायचा माल. डबा कोणाचा हे विचारायचे नसते.

आणि मालावर नाव नसते. या बातम्यांखाली पाहा: ‘वेब टीम’, ‘डिजिटल डेस्क’, ‘ऑनलाइन डेस्क’. लिहिणाऱ्याचे नाव नाही; ज्या स्थानिक वार्ताहराने पुलावरून चित्रफीत पाठवली त्याचे तर नाहीच. आमच्या प्राध्यापक वाचकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा कार्ल्याला जावे. शाळेच्या सहलीत पाहिलेले ते लेणे अक्षरांसाठी पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख तेथे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तेथे आहे. धेनुकाकटाहून आलेले दाते आहेत. दार घडवणारा सुतारही नावानिशी आहे. कोण, कुठला, कोणाचा मुलगा, धंदा कोणता, त्याने काय दिले: बातमीची सारी अंगे एका ओळीत. मावळातले इतके जुने लेखन सुताराचे नाव सांगते, आणि मावळाबद्दलचे सर्वांत नवे लेखन ‘वेब टीम’ने केलेले असते. ज्या प्राकृताच्या पुराव्यावर आपण अभिजाततेचा सोहळा केला त्याच्याकडून एवढे तरी शिकायला हरकत नसावी.

मग करावे काय? नोकरी करू नये, असा उपदेश आम्ही करणार नाही; तो पोट भरलेल्यांचा उपदेश आहे. आमच्या मागण्या साध्या आहेत. उपयोजित मराठीच्या वर्गात मथळा कसा लिहावा हे शिकवता, तसे नियुक्तिपत्र कसे वाचावे तेही शिकवा. विद्यार्थ्याला प्रशिक्षणासाठी पाठवण्यापूर्वी कंपनीला विचारा: बातमीखाली त्याचे नाव येईल काय, कोटा किती, विद्यावेतन किती. उत्तर देत नसेल त्या कंपनीशी विभागाने सामंजस्य करार करू नये; अहवालातला एक मुद्दा कमी होईल, एवढेच. वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा येथील महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या खोऱ्याच्या बातम्या स्वतः, स्वतःच्या नावाने लिहाव्यात. प्रकल्प म्हणून त्यांना गुण द्यावेत. आणि कंपन्यांना एवढेच सांगणे आहे, की ‘लोणावळा’ या शब्दावर दर पावसाळ्यात जे उत्पन्न होते त्यातून वडगावात एक पूर्णवेळ, पगारी बातमीदार नेमावा. एकच. त्याच्या बातम्या आकड्यांच्या तक्त्यातून वगळाव्यात.

एवढेही शक्य नसेल, तर चर्चासत्रातले ते वाक्य तरी बदलावे. डिजिटल माध्यमांमुळे मराठीच्या विद्यार्थ्यांना रोजगार मिळाला, असे म्हणण्याऐवजी, डिजिटल माध्यमांना मराठीचे विद्यार्थी स्वस्तात मिळाले, असे म्हणावे. वाक्य शुद्धच राहील. आणि त्यात घेणारा कोण, हे तरी दिसेल.